जिभेला लावलेली कॅप्सूल

वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या बेथेस्डामध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा मोठा परिसर आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ३११ कर्मचाऱ्यांनी एका प्रयोगात भाग घ्यायचं कबूल केलं. नऊ महिने रोज कॅप्सूल घ्यायच्या. काहींच्या कॅप्सूलमध्ये क जीवनसत्त्व, काहींच्या कॅप्सूलमध्ये दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. पडसं झालं की येऊन सांगायचं, एवढंच काम.

आणि मग त्यांतल्या बऱ्याच जणांनी गुपचूप कॅप्सूल उघडून आतली पूड जिभेला लावली. क जीवनसत्त्व आंबटढाण असतं, लॅक्टोज किंचित गोड. एका क्षणात गुपित फुटलं.

निकाल १९७५ साली छापून आले. वरवर पाहता क जीवनसत्त्व घेणाऱ्यांचं पडसं थोडं लवकर बरं होत होतं. पण संशोधकांनी लोकांना विचारून ठेवलं होतं, तुम्हाला कोणती कॅप्सूल मिळतेय असं वाटतं? ज्यांनी बरोबर ओळखलं होतं त्यांच्यात फरक दिसला. ज्यांना काहीच कळलं नव्हतं त्यांच्यात तो उरला नाही. पडशाचे दिवस कमी केले ते पुडीने, की आपल्याला खरी गोळी मिळतेय या जाणिवेने, हे सांगता येईना. या विश्लेषणावर पुढे इतर अभ्यासकांनी हरकतीही घेतल्या. तरीही मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क होऊन पुस्तक मिटून बसले होते. देशातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करणारी ही माणसं. नाक किती दिवस वाहिलं ही इतकी रोकडी गोष्टसुद्धा त्यांच्या समजुतीसोबत लांबत किंवा आखडत असेल, तर 'हल्ली थकवा कमी वाटतो', 'अंगात ताकद आली' या अनुभवांचं काय?

हा सगळा खटाटोप करावा लागला तो एका माणसाच्या शब्दामुळे, आणि तो माणूस साधासुधा नव्हता.

कोविडच्या पहिल्या वर्षी मेडिकलमध्ये क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. माझी मावशी साताऱ्याला असते, निवृत्त शिक्षिका. तिने कुठून तरी चार पाकिटं मिळवली होती. मी फोनवर कुरकुर केली तर म्हणाली, "अगं, दोन नोबेलं मिळालेल्या माणसाने सांगितलंय. मी कोण त्यांना नाही म्हणणार?" तिचा प्रश्न चोख होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला प्रयोगशाळा चालवता येत नाही, तेव्हा आपण जाणत्या माणसावर विश्वास ठेवणार. मग लायनस पॉलिंग यांच्यापेक्षा जाणता कोण?

खरंच, कोण? अणू एकमेकांना कसे धरून ठेवतात याचं आज शाळेत शिकवतात ते ज्ञान मोठ्या प्रमाणात पॉलिंग यांनी घडवलं. त्यासाठी १९५४चं रसायनशास्त्राचं नोबेल. सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषामुळे होतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं. 'रेणूचा आजार' ही कल्पनाच त्या शोधाने जगाला दिली. १९४८मध्ये ऑक्सफर्डला असताना पडशाने अंथरुणाला खिळले, तेव्हा कंटाळा घालवायला कागदाची पट्टी दुमडत बसले आणि त्या दुमडण्यातून प्रथिनांच्या रचनेतला मळसूत्री वळसा त्यांना सापडला. पुढे अणुचाचण्यांविरुद्ध ११ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून १९५८ साली संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या. सरकारने त्याआधीच त्यांचा पासपोर्ट अडवून पाहिला होता, पण ते बधले नाहीत. १९६२चं शांततेचं नोबेल त्यासाठी. दोन नोबेलं आणि दोन्ही कुणाशी वाटून न घेतलेली, असा दुसरा माणूस अजून झालेला नाही.

क जीवनसत्त्वाकडे ते वळले ते एका पत्रामुळे. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये एका समारंभात पॉलिंग म्हणाले की विज्ञानात पुढे काय काय होतंय ते पाहायला अजून पंधरा-वीस वर्षं मिळावीत. श्रोत्यांत आयर्विन स्टोन नावाचे एक जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी नंतर पत्र लिहिलं: रोज ३ ग्रॅम क जीवनसत्त्व घ्या, पंधराच काय, पन्नास वर्षं मिळतील. पॉलिंग आणि त्यांच्या पत्नी एव्हा हेलन यांनी ते सुरू केलं. बरं वाटू लागलं. वरचेवर होणारी सर्दी कमी झाली. इथे एक मागची गोष्टही लक्षात ठेवायला हवी. १९४१मध्ये पॉलिंग यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला होता, जो तेव्हा बहुधा माणसाला घेऊनच जायचा. थॉमस ॲडिस या डॉक्टरांनी त्यांना मीठ आणि प्रथिनं अगदी मोजून देणाऱ्या काटेकोर आहारावर ठेवलं आणि ते वाचले. ताटातल्या पदार्थांनी ज्याचा जीव वाचवलाय, त्याचा अन्नाच्या शक्तीवर गाढ विश्वास बसला तर नवल काय?

त्यांनी नुसता अनुभव सांगितला असता तर जगाने इतकं ऐकलं नसतं. पण त्यांच्याकडे एक देखणा युक्तिवाद होता. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच बनवतात. शेळी बनवते, कुत्रा बनवतो, उंदीर बनवतो. माणूस, माकडं, गिनीपिग आणि काही वटवाघळं यांना ते जमत नाही. आपल्या पेशींत ते बनवणारं शेवटच्या पायरीचं जनुक आजही आहे, पण मोडलेलं, कोट्यवधी वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गिरणीसारखं. पॉलिंग म्हणाले की आपले पूर्वज पाला आणि फळं खात होते, म्हणून त्यांची गिरणी बंद पडली तरी भागलं. त्यांनी ११० कच्च्या वनस्पतिजन्य पदार्थांची सरासरी काढली. दिवसभर माणसाने फक्त तेवढंच खाल्लं तर पोटात साधारण २.३ ग्रॅम क जीवनसत्त्व जातं. म्हणजे सरकारी तक्ते सांगतात ते काही मिलिग्रॅम आपल्याला फक्त जिवंत ठेवतात, निरोगी नव्हे. १९७०मध्ये 'व्हिटॅमिन सी अँड द कॉमन कोल्ड' हे त्यांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांतून गोळ्या संपल्या.

हा युक्तिवाद मला आजही मोहवतो. त्यात खोटं असं काही नाही. पण तो पूर्ण ऐकून झाल्यावरही, रोज ३ ग्रॅम घेतल्याने माझं पडसं टळेल का, या प्रश्नाला स्पर्श झालेला नसतो. पूर्वज काय खात होते यावरून काय व्हायला हवं याचा अंदाज बांधता येतो. काय होतं, ते मोजावंच लागतं.

मोजमाप त्यांच्याकडे थोडं होतं. स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर स्कीइंग शिकायला गेलेल्या २७९ मुलांवर केलेला एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला होता. रोज १ ग्रॅम घेणाऱ्या मुलांना सर्दी कमी झाली होती. पॉलिंग यांनी त्यावर बराच भार टाकला. ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण त्या प्रयोगाचं पुढे काय झालं ते कळायला पन्नास वर्षं लागली. फिनलंडचे हॅरी हेमिला आणि ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ चॉकर यांनी २०१३मध्ये असे २९ प्रयोग, म्हणजे ११,३०६ माणसं, एकत्र तपासली. रोज क जीवनसत्त्व घेऊन तुमच्याआमच्यासारख्यांना सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झाली तर ती मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत सुमारे १४ टक्के लवकर संपली. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या सुरू करण्याचा भरवशाचा फायदा दिसला नाही. पण मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा ५९८ जणांत सर्दीचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं होतं. म्हणजे ती स्विस मुलं खोटं बोलत नव्हती. बर्फात दमणाऱ्या शरीरांबद्दलचा तो निष्कर्ष टिकला. पॉलिंग यांनी तो ताणून खुर्चीत बसणाऱ्यांपर्यंत आणला, तिथे धागा तुटला.

आणि हेमिला क जीवनसत्त्वाचे विरोधक नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. पॉलिंग यांचं म्हणणं वैद्यकीय जगाने फार घाईने निकालात काढलं, असं त्यांनी स्वतः अनेकदा लिहिलंय. तरीही आपल्या आवडत्या गोष्टीविरुद्ध गेलेला आकडा त्यांनी जसाच्या तसा छापला. तज्ज्ञाचा शब्द जड वाटावा असं काही पाहायला मिळतं ते अशा ठिकाणी.

आता गोळी पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू, कारण इथे शरीराचं शहाणपण थक्क करतं. आतड्याच्या भिंतीत क जीवनसत्त्वाला आत घेणारी खास दारं असतात, आणि ती मोजकीच आहेत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेथेस्डातल्याच मार्क लेविन यांनी सात तरुणांना कित्येक महिने रुग्णालयात ठेवून, आहारातून क जीवनसत्त्व काढून टाकून, मग पायरीपायरीने वाढवत नेलं. एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत दिलं तर ते जवळजवळ सगळं शोषलं गेलं. ५०० आणि त्यापुढे शोषण घटत गेलं. रक्तात जे शिरलं त्यातलं जास्तीचं मूत्रपिंडांनी बाहेर टाकलं. हीच मूत्रपिंडं टंचाईच्या काळात क जीवनसत्त्वाचा कणन् कण परत ओढून घेतात. पॉलिंग स्वतः दिवसाला १२ आणि पुढे १८ ग्रॅम घेत. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १८ ग्रॅमचे ९ किलो पेरू झाले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम सांगते. तेवढ्याला अर्धा पेरू पुरतो.

सर्दीपर्यंत थांबलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण गोष्ट कर्करोगापर्यंत गेली.

स्कॉटलंडमधल्या वेल ऑफ लेव्हन रुग्णालयात यूअन कॅमेरॉन हे शल्यचिकित्सक शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोग्यांना रोज १० ग्रॅम क जीवनसत्त्व देत होते. त्यांनी आणि पॉलिंग यांनी मिळून १९७६ साली लिहिलं की असे १०० रुग्ण सरासरी २१०पेक्षा जास्त दिवस जगले, आणि त्याच रुग्णालयातल्या जुन्या नोंदींतून निवडलेले १००० रुग्ण फक्त ५० दिवस. चौपटीहून अधिक! वाचणाऱ्याच्या घरात तसा रुग्ण असेल तर या आकड्याने काय होईल, कल्पना करा.

पण हे दिवस मोजले ते कोणत्या दिवसापासून? 'आता यांच्यावर इलाज उरला नाही' असं डॉक्टरांनी ठरवलं, त्या दिवसापासून. तो दिवस रक्ताच्या तपासणीतून येत नाही, तो डॉक्टरच्या मनात ठरतो. हातात देण्यासारखं काही असलेला डॉक्टर रुग्णाला थोडं आधी त्या यादीत घेऊ शकतो. देण्यासारखं काहीच नसलेला डॉक्टर ते वाक्य अगदी शेवटी उच्चारतो. रुग्ण एक दिवसही जास्त न जगता आकडा मोठा होतो, कारण मोजपट्टीची सुरुवात मागे सरकलेली असते. कुणीही लबाडी केलेली नाही. यावर उपाय एकच, कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने ते केलं आणि १९७९मध्ये सांगितलं की फरक पडत नाही. पॉलिंग म्हणाले, या रुग्णांना आधी केमोथेरपी दिली होती, त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली होती. हरकत रास्त होती, कारण ती तपासून पाहता येत होती. मेयोने ती तपासली. केमोथेरपी न घेतलेल्या १०० रुग्णांवर पुन्हा प्रयोग झाला, १९८५ साली निकाल आला, पुन्हा फरक नाही. तेव्हा पॉलिंग यांनी नव्या हरकती काढल्या. शिरेतून दिलेलं क जीवनसत्त्व रक्तात गोळीपेक्षा कितीतरी जास्त चढतं, हे पुढे लेविन यांच्याच गटाने दाखवलं आणि त्या वाटेवर आजही संशोधन चालू आहे. दुकानात मिळणाऱ्या गोळीबद्दल मात्र त्याने काही सिद्ध होत नाही.

मधल्या काळात, १९८१च्या डिसेंबरमध्ये, एव्हा हेलन पोटाच्या कर्करोगाने गेल्या. त्याही क जीवनसत्त्व घेत होत्या. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही, एका माणसावरून काहीच ठरत नाही. ज्यावर पॉलिंग यांचा विश्वास होता तेच त्यांनी आपल्या घरात दिलं, एवढं त्यातून दिसतं. त्यांनी काढलेल्या संस्थेला हॉफमन-ला रॉश या क जीवनसत्त्व बनवणाऱ्या बड्या कंपनीकडून पैसा मिळत होता, आणि पुष्कळ लोक तिथेच बोट ठेवून मोकळे होतात. पैसा कुठून येतो हे विचारायलाच हवं. पण या गोष्टीत श्रद्धा आधी आली आणि पैसा मागून. विकत न घेतलेला, मनापासून बोलणारा माणूसही चुकलेला असू शकतो, हे मला जास्त अस्वस्थ करतं, कारण समोरच्याचा खरेपणा डोळ्यांत दिसला की आपण विरघळतो.

आज आपल्या फोनवर पांढरा कोट घालून, हातात जीवनसत्त्वांचा डबा धरून बोलणारे लोक पॉलिंग यांच्या तोलाचे नसतात, हे उघड आहे. त्यांच्यासाठी थोडे नियमही आहेत. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेत कुठल्याही उत्पादनाची जाहीर शिफारस करायला मनाई आहे. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्याबद्दल बोलणाऱ्या तारे-तारकांना आणि इन्फ्लुएन्सरना, तुम्ही तज्ज्ञ आहात की नाही ते स्पष्ट सांगा, असं बजावलं. आणि डबा उलटा करून बघा, बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं असतं. समोरचा माणूस तोंडाने जे सांगतोय आणि त्याच्या हातातला डबा जे सांगतोय, ते दोन्ही एकत्र वाचावं. पण कोट, पदवी, डबा हे सगळं तपासूनही पॉलिंग यांच्यापुढे ही चाळणी अपुरी पडते. त्यांच्या बाबतीत माणसाला बाजूला ठेवून वाक्य तपासावं लागतं.

याची उलटी बाजू १७४७ सालची आहे. 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड हे शल्यचिकित्सक होते, नाव ना गाव. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने हिरड्या सुजलेले १२ खलाशी त्यांनी निवडले, सगळ्यांना एकच जेवण दिलं आणि दोघादोघांना वेगवेगळा उपाय: सायडर, पातळ केलेलं गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरीची चटणीवजा गोळी, आणि शेवटच्या दोघांना संत्री व लिंबं. फळं सहा दिवसांत संपली, पण तोवर त्या दोघांतला एक कामावर उभा राहायच्या बेतात होता. १२ माणसं, एक बोट! आणि गंमत अशी की लिंड यांना स्वतःलाच आपल्या हाती काय लागलंय ते पुरतं उमगलं नाही. रस टिकावा म्हणून त्यांनी तो तापवून आटवायला सांगितलं आणि त्यात क जीवनसत्त्व नासून गेलं. नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. तज्ज्ञाचा सल्ला फसला, त्याने लावलेली तुलना मात्र पावणेतीनशे वर्षं उभी आहे.

मावशीला मी हे तुकड्यातुकड्यांनी, कित्येक फोनवर सांगितलं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या कोविडच्या २१४ रुग्णांवरचा प्रयोगही सांगितला: कुणाला रोज ८ ग्रॅम क जीवनसत्त्व, कुणाला जस्त, कुणाला दोन्ही, तरी लक्षणं लवकर गेली नाहीत, प्रयोग मध्येच थांबवला. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "पण एवढा मोठा माणूस. त्याला आपली चूक दिसली कशी नाही?"

या प्रश्नासाठी मला १९५३मध्ये जावं लागलं. त्या फेब्रुवारीत पॉलिंग यांनी डीएनएची रचना छापली: तीन सरींची, फॉस्फेट आतल्या बाजूला. केंब्रिजमध्ये त्याच रचनेच्या शोधात असलेल्या वॉटसन आणि क्रिक यांनी ती पाहिली आणि ते चक्रावले. पॉलिंग यांच्या रचनेत न्यूक्लिइक आम्ल हे आम्लच राहत नव्हतं. ज्याच्या पुस्तकातून जग रसायनशास्त्र शिकत होतं, त्याच्याकडून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक झाली होती. एप्रिलमध्ये पॉलिंग केंब्रिजला गेले. वॉटसन-क्रिक यांचं दोन सरींचं मॉडेल त्यांनी पाहिलं, रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतलं डीएनएचं क्ष-किरण छायाचित्र पाहिलं, आणि तुमचंच बरोबर दिसतंय असं मान्य केलं. दोन महिन्यांत. खळखळ नाही.

तोच माणूस, तीच बुद्धी. पण केंब्रिजमध्ये त्याच्यासमोर टेबलावर एक छायाचित्र होतं, त्याच्या इच्छेशी काही देणंघेणं नसलेलं. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत समोर होता तो रोज सकाळी ग्लासात पूड ढवळून प्यायल्यावर तरतरीत वाटणारा स्वतःचा देह, आणि तो देह ९३ वर्षं जगला. बेथेस्डातल्या त्या कर्मचाऱ्यांनी आधी कॅप्सूल चाखली आणि मग स्वतःचं पडसं मोजलं. पॉलिंग यांनी १९६६पासून शेवटपर्यंत, अठ्ठावीस वर्षं, रोज ती चव घेतली होती.

"म्हणजे त्यांना ती पूड न चाखता घेताच आली नाही," मावशी म्हणाली.